मागच्या सीटवरची साक्ष

विजापूर रोडवरच्या एका टायरच्या दुकानात मी दोन नवे टायर घ्यायला गेलो आणि टायर न घेताच परत आलो. पैसे खिशात होते, मापाचे टायर दुकानात होते आणि भावही ठरला होता, पण पुढचे चाक खोलल्यावर दुकानदाराने ते जमिनीवर आडवे पाडले, टायरच्या नक्षीवरून तळवा एकदा सुलटा, एकदा उलटा फिरवला आणि म्हणाला, “टायर देतो की ओ सर, माझा धंदाच हाय तो. पण आठ हजाराचा माल वर्षाच्या आत खाऊन टाकतीय बघा ही गाडी. आधी शॉकअप दाखवून या, मग टायर टाकू.” गिऱ्हाईक पैसे द्यायला समोर उभे असताना त्याला माघारी धाडणारा दुकानदार विरळाच, त्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हेच, की शेजारच्या गॅरेजवाल्याशी याचे काहीतरी संधान असणार. मी सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक आहे. संशय घेण्याचेच आम्हाला पैसे मिळतात.

माझ्या चेहऱ्यावरून त्याला ते कळले असावे. त्याने माझा हात धरून टायरवर ठेवला आणि “डोळे मिटून फिरवा” एवढेच सांगितले. डोळ्यांना जो टायर बऱ्यापैकी सारखा झिजलेला दिसत होता, तो हाताला अगदी वेगळा लागला. दर चार-सहा बोटांवर रबर खोलगट झाले होते, मग पुन्हा उंचवटा, मग पुन्हा खोलगा; पातेल्यातल्या घट्ट श्रीखंडातून कुणी चमच्याने जागोजागी काढून घ्यावे तसे. त्याने पुढे जे सांगितले ते मी नंतर पडताळून पाहिले आणि ते बरोबर होते: अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडले असेल तर टायरची आतली किंवा बाहेरची एकच कड झिजते, हवा जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो, हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, पण असे खोलगे पडतात ते चाक रस्त्यावर टिकत नसेल, उडून उडून पुन्हा आपटत असेल तेव्हा. चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्यानेही असा प्रकार होऊ शकतो, म्हणून त्याने आधी चाक यंत्रावर फिरवून पाहिले. बॅलन्सिंग ठीक निघाले. उरला शॉकअप, म्हणजे चाकाची उसळी थोपवणारी तेलाची नळी.

याच्या पाच दिवस आधी हीच गोष्ट मला फुकट सांगितली गेली होती, आणि मी ती कानाआड केली होती. माझी मोठी बहीण संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी दीड वर्षाने सोलापूरला आली होती. अक्षता सोहळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिला अक्कलकोटला घेऊन गेलो. परतताना होटगी रोडच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली, तशी ती मागच्या सीटवरून म्हणाली, “तुझी गाडी थांबली तरी थांबत नाही रे. ब्रेक लावलास, उभी राहिली, आणि मग तिनं खाली वाकून नमस्कार केला.” मी हसलो आणि रस्त्याला दोष दिला. दीड वर्षापूर्वी ती याच गाडीत, याच रस्त्याने, याच सीटवर बसून गेली होती, हे मला त्या वेळी सुचायला हवे होते. आमच्या धंद्यात मागच्या वर्षाचा ताळेबंद शेजारी ठेवल्याशिवाय या वर्षाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. ताईच्या पाठीत मागच्या वर्षाचा ताळेबंद होता. माझ्या पाठीत मात्र रोजची नोंद होत गेली होती, आणि रोजच्या नोंदीत एवढा बारीक फरक कधी दिसत नाही.

गाडी साधी आहे, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. वर्षातले निम्मे दिवस ती विकास सोसायट्यांच्या गावांना जाते: मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर. महामार्ग आता चांगले झाले आहेत, पण महामार्ग सोडून गावाकडे वळले की काळ्या मातीचे राज्य सुरू होते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्यावर टाकलेला डांबराचा पापुद्रा तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. त्यामुळे आमच्याकडे खड्डा नसलेला रस्तासुद्धा सपाट असेलच असे नाही, तो लाटांसारखा असतो. त्यात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत उसाच्या डबल ट्रॉल्या. भरलेल्या ट्रॉलीच्या चाकांनी डांबर दोन्ही अंगांना दाबले जाऊन मध्ये जो वरंबा तयार होतो, तो ओलांडताना गाडी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर जाते. कंपन्या आणि जाणकार साधारणपणे 80,000 किलोमीटरच्या आसपास शॉकअप तपासून घ्यायला सांगतात. मात्र तो आकडा बऱ्या रस्त्यांचा आहे. माझी गाडी त्या दिवशी 82,460 वर होती. गावरस्त्यांचा हिशेब धरला तर ती तपासणी वीस-तीस हजार किलोमीटर आधीच व्हायला हवी होती.

शॉकअप हा शब्द आमच्याकडे सरसकट चालतो. दुचाकीच्या मागचा नळकांडा शॉकअप, ट्रकचा शॉकअप आणि मोटारीच्या पुढच्या चाकामागचा उभा खांब तोही शॉकअपच. या खांबाचे खरे नाव स्ट्रट, आणि फरक केवळ नावाचा नाही. मागच्या चाकाचा साधा शॉकअप फक्त हेलकावा थोपवतो. तो काढून ठेवला तरी चाक जागेवर राहते. स्ट्रट मात्र चाकाला उभे धरतो, त्याच्याभोवती स्प्रिंग असते, आणि सुकाणू वळवले की तो स्प्रिंगसह स्वतःभोवती फिरतो. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात बसवली आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमधून ती रुळली. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी, म्हणून छोट्या गाड्यांनी ती उचलली. आपल्याकडे 1980 च्या दशकात मारुती 800 आली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांनाही हीच रचना होती, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या मोटारींना आहे.

आता यात स्प्रिंगचे काम कोणते आणि शॉकअपचे कोणते, याबद्दल बहुतेकांचा घोटाळा असतो, माझाही होता. गाडीचे वजन स्प्रिंग उचलते. खड्डा आला की दबते तीही स्प्रिंगच. परंतु स्प्रिंगला दिलेले ती ठेवून घेत नाही, ती सगळे परत करते, आणि परत केलेले पुन्हा मागून घेते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्याची शिक्षा पुढचे पन्नास मीटर भोगावी लागेल. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा दट्ट्या असतो. गाडी खालीवर होऊ लागली की त्या तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावे लागते, त्यात हालचालीची ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो, तो त्यामुळे. तेलाचा फेस होऊ नये म्हणून आजकालच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनही भरलेला असतो. वर्षे गेली की सील झिजून तेल पाझरते, दट्ट्याच्या झडपा सैल होतात, तेल पातळ पडते. स्प्रिंग तशीच ठणठणीत असते. तिला “पुरे” म्हणणारे मात्र कुणी राहत नाही.

यातला जो हेलकावा ताईला जाणवला तो गाडीच्या अंगाचा, सेकंदाला साधारण एकदा होणारा. टायरवाल्याच्या तळव्याला जो लागला तो निराळा. अंगाखाली चाक स्वतःच्या वजनाने सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरू शकते, आणि ती थरथर आत बसलेल्याला फारशी कळतही नाही. चाक जेवढा वेळ हवेत असते तेवढा वेळ त्याला ना ब्रेक लागतो, ना वळता येते. लाटांच्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी नेहमीपेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते, ते याच उडण्यामुळे; मी मात्र गेले वर्षभर त्याचे खापर ब्रेक पॅडवर फोडत होतो.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारे, होते. टॉवेलचे माग, एका शेडमध्ये चोवीस. मागाचा धोटा एका पेटीतून सुटून ताण्यामधून दुसऱ्या पेटीत जाऊन आदळतो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, आणि दर वेळी त्याला त्या पेटीत अलगद थांबवावे लागते. थांबवणारे चामडे झिजले की धोटा आदळून थोडासा मागे येतो. पुढच्या खेपेला त्याला फटका नीट बसत नाही आणि कधीतरी माग धाडकन बंद पडतो. मला आठवते ते हे, की त्या मागावर रोज बारा तास उभ्या असलेल्या विणकराला ते कळत नसे. वडील मात्र दोन दिवसांच्या रजेवरून आले की दारातच थांबायचे, डोके किंचित कलते करायचे आणि सरळ त्या मागाकडे चालत जायचे. लहानपणी मला वाटायचे की त्यांचा कान विलक्षण असला पाहिजे. कान चांगला होताच. पण त्यातला निम्मा वाटा रजेचा होता, हे मला ताईच्या नमस्काराच्या वाक्यानंतर उमगले.

माझ्या बाबतीत आणखी एक फसगत झाली होती. अकरा महिन्यांपूर्वी पुढच्या डाव्या चाकातून टकटक येऊ लागली होती. प्रत्येक लहान खड्ड्यावर, विशेषतः कमी वेगात, पत्र्याच्या डब्यात सुपारी टाकून हलवावी तशी. मी घाबरून गॅरेजात गेलो. मिस्त्रीने गाडीखाली हात घालून एक पेनाएवढा जाड दांडा हलवून दाखवला, तो बदलला, दोन्ही बाजूंचे मिळून 1,100 रुपये झाले आणि आवाज बंद पडला. तो लिंक रॉड होता, शॉकअपच्या शेजारचा एक जोडदांडा. आवाज गेला म्हणजे सस्पेन्शन, चाके आणि गाडी यांच्यामधली ही सगळी जोडणी, दुरुस्त झाले, असे मी धरून चाललो आणि वहीत तसे लिहूनही ठेवले. आता कळते ते असे, की खालून येणारी टकटक, करकर, खडखड बहुधा लिंक रॉडची, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशची, बॉल जॉइंटची किंवा स्ट्रटच्या डोक्यावरच्या रबरी माउंटिंगची असते. उभ्या गाडीत सुकाणू फिरवताना स्प्रिंग तटकन सुटल्यासारखा आवाज आला तर तो त्या माउंटिंगमधल्या बेअरिंगचा. शॉकअपचे तेल मात्र मुकाट्याने जाते. अगदी शेवटी, दांडा आत ठोकर खाऊ लागतो तेव्हाच त्याचा आवाज येतो, आणि तोवर टायर गेलेला असतो.

टायरच्या दुकानातून घरी आलो आणि त्या संध्याकाळी अंगणात गाडीची स्वतः तपासणी केली. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाबून सोडून द्यायचे. गाडी वर येऊन एकदा स्थिरावली तर ठीक, पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर आली तर शॉकअप गेला, ही जुनी परीक्षा. माझी गाडी उजवीकडे दीड वेळा आणि डावीकडे अडीच वेळा हलली. ही परीक्षा नापास झाली तर विश्वास ठेवावा, पास झाली तर ठेवू नये, असे माझे मत झाले आहे, कारण हाताने दाबलेली गाडी आणि साठच्या वेगाने वरंब्यावर गेलेली गाडी यांत फार अंतर असते आणि अर्धवट झिजलेला शॉकअप अंगणात सहज उत्तीर्ण होतो. नंतर चाक पूर्ण वळवून विजेरी लावून आत पाहिले. उजव्या नळीवर नुसती धुळीची पातळ, किंचित तेलकट साय होती; तेवढ्याने घाबरू नये, दांड्यासोबत तेलाचा किंचित ओलावा बाहेर येतच असतो. डावी नळी मात्र वरपासून खालपर्यंत ओली, आणि त्या ओलीवर सोलापूरची धूळ बसून काळा लेप झालेला. बोटाने पुसले तर बोट तेलाने माखले.

रात्रीची एक खूण मला कुणी सांगितली नव्हती, ती मागाहून आठवली. गेले काही महिने मोहोळहून रात्री परतताना समोरून येणारे मला सारखे डिपर मारत. मी दिवे खालीच ठेवलेले असत, म्हणून मला त्या लोकांचा रागच यायचा. गाडीचे नाक वरखाली होत असल्यामुळे माझ्या खालच्या दिव्यांचा झोत दर लाटेला त्यांच्या डोळ्यांत जात होता आणि ते बिचारे मला तेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी अधिकृत सेवा केंद्रात गेलो. त्यांनी गाडी वर घेतली, तपासली आणि 26,400 रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. पुढचे दोन्ही स्ट्रट, दोन्ही स्प्रिंगा, दोन्ही माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, मागचे दोन्ही शॉकअप आणि मजुरी. मी ते घरी आणून लाल पेन्सिल घेऊन बसलो. लिंक रॉड अकरा महिन्यांपूर्वीच बदललेले, बिलासह. तो भाग खोडला. स्प्रिंग सहसा झिजत नाही, ती तुटते किंवा बसते. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजले तर दोन्ही बाजूंना उंची सारखी भरली, म्हणून स्प्रिंगा खोडल्या. लोअर आर्मवर प्रश्नचिन्ह ठेवले. हे केंद्र लबाड होते असे मी म्हणणार नाही. सगळा संच एकदाच बदलला की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही, अशी त्यांची रीत आहे, आणि ज्याला गाडीखाली पुन्हा डोकावायचेच नाही त्याच्यासाठी ती वाईटही नाही. पण प्रत्येक ओळीला “का” विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे. “तपासताना काय आढळले” असा रकाना मला त्या कागदावर कुठेच दिसला नाही.

जुन्या पुणे नाक्याजवळच्या गल्लीतल्या आमच्या मिस्त्रीने लोअर आर्मला पहार लावून हलवून पाहिले आणि म्हणाला, “ह्याला काय झालं नाही. उगंच कशाला काढायचं.” त्याने स्ट्रट मात्र दोन्ही बदलायला लावले, गळत फक्त डावा होता तरी. माझ्यातला लेखापरीक्षक इथे जागा झाला, पण या मुद्द्यावर मिस्त्री आणि सेवा केंद्र यांचे एकमत होते आणि त्यामागे कारण आहे: एक चाक नव्या ताकदीने धरलेले आणि दुसरे अर्धवट, असे झाले तर ब्रेक लावताना आणि वळताना गाडी एका अंगाला ओढते. एका आसावरचे दोन्ही बदलावेत; पुढचे बदलले म्हणून मागचे बदललेच पाहिजेत असे मात्र नाही.

सुटे भाग मीच दुकानातून आणले. स्ट्रटला डावा-उजवा असतो, खोक्यावरचा क्रमांक गाडीच्या वर्षाशी जुळवून पाहावा लागतो, आणि नकली मालाचा सुळसुळाट असल्याने पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका स्ट्रटची किंमत 2,000 आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी याच भागावर 28 टक्के कर होता आणि तोच स्ट्रट 2,560 ला पडला असता. उशीर केल्याबद्दल मला मिळालेले एवढेच काय ते बक्षीस, आणि ते टायरने केव्हाच वसूल केले होते. दोन स्ट्रटचे 4,720. बेअरिंगसह दोन माउंटिंग 1,560. दांड्यावरचे रबरी बंपस्टॉप आणि धुळीचे रबरी आवरण, दोन्ही बाजूंचे मिळून 680. मिस्त्रीची मजुरी 1,400. नंतरचे अलाइनमेंट 450. एकूण 8,810 रुपये. माउंटिंग आणि बंपस्टॉप वाचवून दोन हजार कमी करता आले असते, पण स्ट्रट खोलण्याची मजुरी एकदाच द्यायची असते आणि सहा महिन्यांनी चारशे रुपयांच्या रबरासाठी तेच सगळे पुन्हा खोलायचे, हा हिशेब मला पटला नाही. अशा छोट्या गाडीला बाहेरच्या गॅरेजात पुढची जोडी आठ ते बारा हजारांत होते. मोठ्या, उंच गाड्यांना त्याच्या दुप्पट सहज लागतात. आणि हवेच्या किंवा विजेवर नियंत्रित होणाऱ्या सस्पेन्शनच्या आलिशान गाड्यांत एका चाकाचा खर्चच लाखाच्या घरात जाऊ शकतो.

याहून स्वस्त मार्गही मला सुचवले गेले. एकाने जुना स्ट्रट उघडून तेल भरून, सील बदलून सातशे रुपयांत “नव्यासारखा” करून देण्याची तयारी दाखवली. तेल भरता येते. झिजलेल्या झडपा, दांड्यावर पडलेले ओरखडे आणि निघून गेलेला वायू कुठून भरणार? शिवाय नळी कापून पुन्हा वेल्डिंग केलेला भाग माझ्या चाकाला उभे धरणार, ही कल्पनाच मला सोसली नाही. दुसऱ्याने स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवण्याचा सल्ला दिला. त्याने गाडी थोडी उंच होते आणि खाली लागत नाही, हे खरे. पण बफर स्प्रिंगला आणखी कडक करतो, तिचा हेलकावा थोपवत नाही. गेलेल्या शॉकअपवर बफर बसवला तर उसळणे कमी न होता उलट अधिक टणक होते.

बदलण्याचे काम साडेतीन तास चालले आणि मी सगळा वेळ तिथे स्टुलावर बसून होतो. स्ट्रट बाहेर काढल्यावर मिस्त्रीने स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे लावले आणि पान्याने आलटून पालटून, चार-चार फेरे देत ती आवळत नेली. पोऱ्या वरचा नट सोडवायला पुढे झाला तेव्हा तो त्याच्यावर खेकसला, आणि मलाही स्टूल बाजूला घ्यायला लावले. ती स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत आत कोंडलेली असते; ती नीट आवळण्याआधी मधला नट सुटला तर वरचे माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखे उडते. घरी पाने आहेत म्हणून हे काम अंगणात करू पाहणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे. स्प्रिंग सुटी झाल्यावर जुन्या बंपस्टॉपच्या जागी काळा भुगा निघाला. हाताला लावला तर वाळलेल्या शेणीसारखा चुरला.

मग त्याने दोन्ही स्ट्रट, जुना डावा आणि नवा, शेजारी शेजारी उभे केले आणि म्हणाला, “दाबा की सर.” नव्याचा दांडा मी पूर्ण जोर लावून खाली नेला, तो एकसारखा, जड, मधात पळी बुडवावी तसा गेला, आणि हात काढल्यावर आपोआप, सावकाश, कसलीही घाई न करता वर आला. जुन्याचा दांडा एका बोटाने खाली गेला. मध्ये इंचभर जागा अशी होती की तिथे काहीच विरोध नव्हता, नुसती पोकळी, आणि तळाला टक् असा आवाज. हात काढला, तो तिथेच राहिला. मी थोडा वेळ थांबलोही. तो वर आला नाही.

नवे स्ट्रट बसवण्यापूर्वी त्याने ते उभे धरून प्रत्येकी पाच-सहा वेळा खालीवर केले. खोक्यात आडवे पडून आत गेलेली हवा त्यामुळे वरच्या बाजूला निघून जाते. गाडी चाकांवर उतरवल्यानंतर त्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळले. मग गाडी तिथून थेट अलाइनमेंटला गेली, कारण स्ट्रट हलला की चाकाचा कोन हलतो आणि नव्या शॉकअपवर नवा टायर तिरपा झिजवण्यात काही शहाणपण नसते. तिसऱ्या दिवशी विजापूर रोडला जाऊन त्याच दुकानातून 8,400 रुपयांचे दोन टायर घेतले. दुकानदाराने भाव कमी केला नाही. मीही केला नाही, म्हणजे मागितला नाही.

नव्या शॉकअपवर गाडी पहिल्या दिवशी मला टणक वाटली आणि क्षणभर शंका आली की आपण आराम विकून बसलो की काय. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे, कुणीतरी रात्रीत बनवल्यासारखा, उंच आणि आखूड. त्या संध्याकाळी त्याच्यावरून जाताना गाडी एकदा चढली, एकदा उतरली आणि सरळ पुढे गेली. मी मात्र सीटवरून अर्धी वीत वर उचललो गेलो होतो. गाडीने उचलले नव्हते. गतिरोधक दिसला की मांड्या आवळायच्या, डावा पाय रोवायचा आणि बूड किंचित अधांतरी धरायचे, हे माझे शरीर वर्षभर माझ्या नकळत करत आले होते, आणि अजूनही करत होते. ती सवय जायला आठवडा लागला. कमरेच्या दुखण्यासाठी मी डिसेंबरमध्ये घेतलेली उशी आता मागच्या सीटवर पडून आहे.

मागचे शॉकअप बाकी आहेत. मिस्त्रीच्या मते ते अजून काही महिने काढतील. त्यांना स्प्रिंग वेगळी असल्यामुळे काम सोपे आहे आणि दोन्हींचा खर्च मजुरीसह साडेतीन हजारांच्या आसपास येईल. एप्रिल ते जुलै आमचा लेखापरीक्षणाचा हंगाम, गाडी तेव्हा दिवसभर गावोगावी असते, म्हणून ते मार्चअखेरीच्या आत करावेत की जुलैनंतर, एवढाच प्रश्न आहे. अंगणात मागून दाबून पाहिले तर एकदा हलून थांबते. पण अंगणातल्या परीक्षेवर माझा विश्वास राहिलेला नाही. काल रात्री ताईला फोन करून विचारले की होळीला चार दिवस येतेस का. ती म्हणाली, आत्ता तर येऊन गेले, आता काय विशेष? मी म्हणालो, विशेष काही नाही, तुळजापूरला जाऊन येऊ. तू मागेच बस.